जनाजाच्या रांगेत नसलेला घेणेकरी

जुन्नर असो की मंचर, जनाजाची नमाज सुरू होण्याआधी एक छोटी सूचना कानावर येते. मरहूमचा मुलगा, भाऊ किंवा इमामसाहेब रांगांकडे तोंड करून सांगतात: मरहूमकडून कुणाचे काही येणे असेल तर वारसांना भेटा, आणि कुणाचे मन दुखावले गेले असेल तर माफ करा. एवढेच. मग चार तकबिरींची नमाज होते आणि लोक खांदा द्यायला पुढे सरसावतात.

गावातला हिशेब पूर्वी एवढ्यावर भागत असे. किराणा दुकानदार, खतवाला, आडत्या, हातउसने दिलेला दोस्त, सगळे तिथेच असत. दुसऱ्या धर्माचे असतील तर कब्रस्तानच्या फाटकाशी उभे असत, पण असत. क्रेडिट कार्ड देणारी बँक तिथे नसते. तिच्या कानावर सूचना जात नाही. माणूस गेल्याचे तिला कळते ते बिल थकल्यावर. मग वसुलीचा फोन येतो आणि मरहूमचा नंबर बंद लागला की तो बायकोच्या नंबरवर येतो.

त्या वेळी ती इद्दतमध्ये असते. पती गेल्यानंतरचे चार महिने दहा दिवस, आणि ती गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंतचा काळ. ती घराबाहेर फारशी पडत नाही, कुणाचा सल्ला घ्यायचा तर कोणी घरी यावे लागते. फोनवरचा आवाज विचारतो, ‘मॅडम, तुमच्या मिस्टरांचे पैसे तुम्ही कधी भरताय?’ प्रश्नच असा केलेला असतो की ‘भरायचे कोणी’ हे जणू आधीच ठरले आहे.

कार्ड आता केवळ पुण्या-मुंबईची चीज राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये देशातल्या चालू क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या आंबेगावच्या पोराच्या पाकिटात कार्ड असते, नारायणगावच्या दुकानदाराच्या गल्ल्यात असते. दवाखान्याचे बिल, मुलीची कॉलेजची फी, मोटारीचे काम सगळे त्यावर निघते. अडचण अशी की टोमॅटोची पट्टी हंगामात हातात येते आणि कार्डाचे बिल दर महिन्याला. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरले तर काहीच न भरता वीस महिन्यांत रक्कम दुप्पट होते. उशिराचा दंड आणि जीएसटी वेगळेच. आपल्याकडच्या जुन्या व्यवहारात दामदुप्पट नावाचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असे तो सांगे. कार्डाला तो लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केली.

मग नवऱ्याच्या कार्डाचे पैसे बायकोने भरायचे का? तिच्या स्वतःच्या पैशातून, नाही. क्रेडिट कार्ड हे तारण नसलेले कर्ज असते आणि करार कार्डधारकाशी असतो. लग्न म्हणजे जामीनकी नव्हे. बायको सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून कागदावर असेल तर गोष्ट निराळी. तिथे तिची सही तिला बांधते. तिच्याजवळ त्याच खात्यावरचे जादा कार्ड, ज्याला ॲड-ऑन कार्ड म्हणतात, असेल तरी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच असते. मात्र नवरा गेल्यावर ते कार्ड एकदाही वापरू नये. तिथून पुढचा खर्च त्याचा म्हणता येणार नाही.

पण कर्ज मरत नाही. ते मृताच्या मालमत्तेवर राहते. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमे ५० आणि ५२ सांगतात की वारसाकडून वसुली होईल ती मृताची जेवढी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच. वडिलांची जमीन मुलांनी विकून पैसे उडवले आणि बँकेला ‘काही उरले नाही’ सांगितले, तर मात्र तेवढ्या रकमेपुरते ते स्वतः देणेकरी होतात. दागिने तिला माहेरून आलेले असतील, शिलाईच्या कमाईतून घेतलेले असतील, तर ते नवऱ्याच्या मालमत्तेत मोजायचेच नाहीत.

शरियतचा रस्ताही इथेच येऊन मिळतो, आणि तो बराच जुना आहे. सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत वारसांचे हिस्से सांगितले आहेत. या दोन आयतींत मिळून चार वेळा एकच अट येते: हे वाटप वसीयत आणि कर्ज यांच्यानंतर. आयतीत वसीयतचा उल्लेख आधी असला तरी व्यवहारात कर्ज आधी, हे उलेमांनी स्पष्ट केले आहे. क्रम असा: कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग उरलेल्यातल्या जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंतची वसीयत, मग वारस. बायकोचा हिस्सा मुले असतील तर आठवा, नसतील तर चौथा. इंग्रजी अमलात १८८५ साली जाफरी बेगमच्या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवले की मालमत्ता मरणाच्या क्षणीच वारसांकडे जाते आणि प्रत्येक वारस आपल्या हिश्शाच्या प्रमाणातच कर्जाला जबाबदार राहतो. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सय्यद महमूद हे सर सय्यद अहमद खान यांचे पुत्र.

खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणायचे, पण हसू येत नाही. या साऱ्या हिशेबात विधवा देणेकरी नसते, ती घेणेकरी असते. निकाहच्या वेळी ठरलेला मेहेर नवऱ्याने दिला नसेल तर तो त्याच्यावरचे कर्ज आहे, किराणा दुकानदाराच्या उधारीइतकेच खरे. आपल्या भागात मेहेर बहुधा ‘उधार’ लिहिला जातो आणि पुढे त्याची कुणाला आठवण राहत नाही. आठवण येते ती एकदाच: मय्यत उचलण्याआधी. घरातली एखादी वडीलधारी बाई तिच्याजवळ बसते आणि म्हणते, ‘मेहेर माफ कर दे बेटी, मय्यत हलकी होगी.’ डोळ्यांतले पाणी पुसत ती मान हलवते. सगळ्यांदेखत तिचे येणे बुडते. आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या घेणेकऱ्याचा फोन येतो, त्याला मात्र कुणी म्हणत नाही की माफ कर.

अशा दबावाखाली दिलेल्या माफीला अर्थ नाही, ती मनापासून आणि खुशीने दिलेली हवी, असे उलेमा बजावत आले आहेत. न्यायालयानेही ते पाहिले आहे. १९२० साली कलकत्ता उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले की नवऱ्याच्या मृत्यूच्या दुःखात बुडालेल्या बाईने केलेली मेहेरमाफी तिच्यावर बंधनकारक नाही. त्याआधी १८७१मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले होते की नवऱ्याची मालमत्ता रीतसर तिच्या ताब्यात असेल तर मेहेर मिळेपर्यंत ती इतर वारसांना तो ताबा नाकारू शकते. हे निकाल शंभर, दीडशे वर्षांचे झाले. मोहल्ल्यापर्यंत ते अजून चालतच आहेत.

आकड्यांत पाहिले म्हणजे चित्र उघडे होते. समजा, एक गृहस्थ गेले. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. आई-वडील हयात नाहीत. दफनाचा खर्च वजा जाता मागे राहिले तीन लाख. कार्डाचे देणे एक लाख साठ हजार, मेहेर पन्नास हजार, वसीयत काही नाही. दोन्ही कर्जे फिटून नव्वद हजार उरतात. त्यातला आठवा हिस्सा, म्हणजे ११,२५० रुपये, पत्नीचा. उरलेल्या ७८,७५०मधले ५२,५०० मुलाचे आणि २६,२५० मुलीचे. मेहेर धरून तिच्या हाती ६१,२५० आले. मेहेर ‘माफ’ झाला असता तर तिला मिळाले असते १७,५००.

आता उलटे धरू. मागे राहिले फक्त ऐंशी हजार, कार्डाचे देणे तेच एक लाख साठ हजार, मेहेर चाळीस हजार. एकूण कर्ज दोन लाख. सर्वोच्च न्यायालयाने १९५०मध्ये कपूरचंद खटल्यात ठरवले आहे की मेहेर हे तारण नसलेल्या इतर कर्जांच्या बरोबरीचे. त्याला अग्रक्रम नाही, पण ते मागेही नाही. म्हणजे रुपयाला चाळीस पैसे. बँकेला ६४,०००, पत्नीला १६,०००. वारस म्हणून कुणालाही काही नाही. आणि बँकेचे जे ९६,००० बुडाले, ते बुडाले. ते पत्नीने द्यायचे नाहीत, मुलानेही नाही.

मुलाचे नाव निघाले की हिंदू वाचकांच्या मनात वेगळी तार छेडली जाईल. जुन्नर-आंबेगावात दशक्रियेला पंचक्रोशी लोटते, प्रवचन होते, श्रद्धांजलीची भाषणे होतात, आणि ‘बापाचं देणं लेकानं ठेवलं नाही’ हे त्या घाटावरचे मोठे कौतुक असते. एके काळी हे नुसते कौतुक नव्हते. मुंबई इलाख्यात वडिलांकडून दमडीचीही मालमत्ता आली नसली तरी मुलाला आणि नातवाला त्यांच्या कर्जासाठी धरता येत असे. ते थांबले १८६६च्या मुंबई कायदा क्रमांक सातने. या कायद्याचा दुसरा भाग तर आज वाचताना डोळे विस्फारतात: विधवेशी पुनर्विवाह करणाऱ्या पुरुषावर, केवळ त्या लग्नामुळे, तिच्या पहिल्या नवऱ्याच्या कर्जाची जबाबदारी येणार नाही! तसे कलम घालावे लागले, याचाच अर्थ तशी वसुली होत होती. पाट लावून बाई दुसऱ्या घरी गेली तरी मेलेल्या नवऱ्याचे खत तिच्यामागे चालत जाई आणि नव्या नवऱ्याच्या उंबऱ्यावर बसे.

कायदा झाला, पण सावकारांनी वाट काढली. कायद्याने मोकळ्या झालेल्या मुलाकडून नव्या कागदावर अंगठा घेतला की बापाचे जुने कर्ज त्याचे स्वतःचे नवे कर्ज होई. नऊ वर्षांनी, मे १८७५मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले आणि पुणे-नगर जिल्ह्यांत गावोगाव खते फाडली, जाळली गेली. चौकशी आयोगाने शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची जी कारणे नोंदवली त्यात वडिलोपार्जित कर्ज होते. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने मग न्यायालयांना खताच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली आणि गावपातळीवर दस्तनोंदणी आणली. (जुन्नरच्या वाचकांसाठी एक आठवण: हातकागदाच्या त्या जमान्यात चोपड्या-वह्यांसाठी जुन्नरी कागदाचे नाव होते, आणि तो बनवणारे कागदी मुसलमान होते. कर्ज लिहून ठेवा, असे सांगणारी सूरह बकराची २८२वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे.) हिंदू कायद्यातले ‘पुत्राचे धार्मिक कर्तव्य’ म्हणून बापाचे कर्ज वसूल करण्याचा उरलासुरला आधारही ९ सप्टेंबर २००५पासूनच्या नव्या कर्जांसाठी वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने काढून टाकला.

सावकाराची ती जुनी वाट मात्र अजून वाहती आहे. आज तो अंगठा नसतो, फोनवरचा ओटीपी असतो, ‘सेटलमेंट’चे पत्र असते, ‘निदान पाच हजार टाका, व्याज थांबवतो’ ही विनवणी असते. विधवेने घाबरून आपल्या नावाने हप्ते बांधून घेतले, पत्रावर सही केली, की जे देणे तिचे नव्हते ते तिच्या वचनाने तिच्याकडे येऊ शकते. म्हणून इद्दत संपेपर्यंत कशावरही सही नाही, हे घरातल्या पुरुषांनी तिला सांगण्यापेक्षा स्वतः लक्षात ठेवले तर बरे. सही करायला तिला तेच बसवतात.

करायचे काय, तर आधी मृत्यूचा दाखला. नोंद २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत. दाखल्याची प्रत जोडून बँकेला लेखी कळवायचे: कार्ड बंद करा, मृत्यूच्या तारखेला किती देणे होते ते लेखी द्या, त्यानंतरचे व्याज-दंड लावू नका. पोच घ्यायची. पत्र मुलगा किंवा दीरही नेऊन देऊ शकतो. मग पैसे कुठे कुठे आहेत ते शोधायचे. बँकेच्या पासबुकात वर्षातून एकदा ४३६ किंवा २० रुपये कापल्याची ओळ दिसते का पाहावे. पहिली जीवनज्योती विम्याची, दुसरी अपघाती सुरक्षा विम्याची, दोन्हींची रक्कम दोन लाखांपर्यंत. काही कार्डांसोबत अपघाती मृत्यूचा विमा असतो, तोही विचारावा. कारखान्यात नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधी: कायदा म्हणतो की ती रक्कम मृताच्या कर्जापासून मुक्त राहून नामनिर्देशित व्यक्तीकडे जाते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४च्या कायद्याखाली बायको-मुलांसाठी काढलेली आयुर्विमा पॉलिसीही घेणेकऱ्यांच्या हाती लागत नाही. ती तरतूद मुसलमानांनाही लागू आहे, पण पॉलिसी काढताना तसे लिहून द्यावे लागते आणि एजंट स्वतःहून सांगेल याची खात्री नाही.

वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर येता कामा नये. कुटुंबीयांच्या खासगीपणात घुसणे, चारचौघांत मानहानी करणे, धमकीचे निनावी फोन, हे सगळे रिझर्व्ह बँकेने मना केले आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; माहितीचा क्रमांक १४४४८. लोकअदालतीची नोटीस आली तर धडकी भरू देऊ नये. तो निकाल नसतो, तडजोडीचे बोलावणे असते. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असले तरी.

गेली ती बायको आणि देणे तिच्या नावावर असेल, तर हाच नियम नवऱ्याला. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जात मात्र गटातल्या बाकीच्या बायका एकमेकींना बांधलेल्या असू शकतात, तो कागद आधी वाचावा. त्या कर्जासोबत विमा उतरवला आहे का तेही पाहावे.

इतके झाल्यावर एक प्रश्न उरतो, तो कायद्याचा नाही. मालमत्ता काहीच नाही, बँकेला कायद्याने एक पैसाही मिळणार नाही, आणि तरीही विधवेला रात्री झोप येत नाही, कारण कर्जदाराची रूह अडकून राहते असे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. तिची ही काळजी खोटी ठरवून चालणार नाही. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) जनाजा आला की विचारत, याच्यावर कर्ज आहे का, ते फेडण्याइतके मागे काही आहे का. नसेल तर ते स्वतः नमाज पढवत नसत. साथीदारांना पढायला सांगत. एकदा असा जनाजा आला. दोन दिनारांचे कर्ज होते, काही रिवायतींत तीन. अबू कतादा पुढे झाले आणि म्हणाले, ते माझ्यावर. तेव्हा पैगंबरांनी नमाज पढवली. पुढे राज्याच्या खजिन्यात पैसा आला तेव्हा त्यांनी जाहीर केले की कर्ज ठेवून जो जाईल त्याचे कर्ज माझ्यावर, आणि मालमत्ता ठेवून जाईल तर ती त्याच्या वारसांची. या साऱ्या प्रसंगांत विधवेला बोलावून ‘तू भर’ असे कुठेही सांगितलेले नाही. जबाबदारी घेणारा स्वखुशीने पुढे आला, मग समाज पुढे आला.

रमजानमध्ये जकात निघते म्हणून हे आत्ता सांगण्यासारखे. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातच्या आठ हकदारांत कर्जदार आहेत. मात्र हनफी मतानुसार मृताचे कर्ज थेट जकातच्या पैशातून फेडता येत नाही, कारण जकात कुणाच्या तरी मालकीची व्हावी लागते आणि मृत व्यक्ती मालक होऊ शकत नाही. मालिकी उलेमा त्याला परवानगी देतात. पण विधवा स्वतः जकातला पात्र असेल तर तिला ती देता येते, आणि एकदा तिची झाली की ती कशावर खर्च करायची हे तिने ठरवायचे: मुलांच्या फीवर, दुकानाच्या भाड्यावर, की नवऱ्याच्या मुद्दलावर. तिथे कुणी डोके खुपसू नये. ऐच्छिक सदका मात्र सरळ बँकेत भरता येतो. मुद्दल फेडावे यावर दुमत नाही. व्याजाचे ओझे कमी करून मागायला बँकेपुढे जमातच्या दोन जाणत्यांनी बसावे. मृत्यूचा दाखला टेबलावर असला की कमी रकमेत तडजोड होण्याची शक्यता असते. फक्त ‘पूर्ण आणि अंतिम’ असे लिहिलेले पत्र घेतल्याशिवाय उठू नये, आणि त्या पत्रावर विधवेची सही जामीनदार म्हणून नसावी.

अबू कतादांची गोष्ट नमाजपाशी संपत नाही. मुसनद अहमदमध्ये पुढचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी पैगंबरांनी त्यांना विचारले, त्या दोन दिनारांचे काय झाले? अबू कतादा म्हणाले, माणूस तर कालच गेला! त्याच्या पुढच्या दिवशी पैगंबरांनी पुन्हा विचारले. तोवर त्यांनी ते भरले होते.